नौका गळली, सोल सुटला. सिद्ध कोणी करायचे?

चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या बुटाचा सोल राजगड उतरताना सुटला. हमी सहा महिन्यांची होती. दुकानदाराने बूट उलटसुलट पाहिला आणि निवाडा दिला: "हा उत्पादनातला दोष नाही, वापरातला आहे." सोल कारखान्यातच नीट चिकटवला गेला नव्हता, हे मी कसे दाखवणार?

मित्रहो, हा वाद फार जुना आहे. इ.स.पू. १८व्या शतकातील हम्मुराबीची संहिता आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात काळ्या दगडाच्या स्तंभावर पाहता येते. तिचे २३५वे कलम सांगते, की नौका बांधणाऱ्याने काम पक्के केले नाही आणि त्याच वर्षात दोष उघड झाला, तर त्याने ती सोडवून स्वखर्चाने मजबूत करून द्यावी. दोष कोणी सिद्ध करायचा, यावर कलम मौन आहे. पण एक वर्षाची मुदत घालणे म्हणजे ग्राहकाच्या बाजूने झुकणे, असे माझे वाचन आहे. (घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड, असेही तीच संहिता सांगते. तेवढी हमी मला नको.)

पुढची वाट मात्र सरळ नाही. १६०३ मध्ये इंग्लंडमध्ये एका सोनाराने विषावर उतारा मानला जाणारा बेझोअर खडा म्हणून एक दगड १०० पौंडांना विकला. तो बेझोअर नव्हताच. न्यायालयाचे म्हणणे असे, की विक्रेत्याने नुसते 'हा बेझोअर आहे' म्हटले. हमी कुठे दिली? ग्राहक हरला.

आज युरोपीय संघात, २०१९च्या निर्देशानुसार, वस्तू मिळाल्यापासून वर्षभरात दिसलेला दोष मुळातच होता असे सामान्यतः गृहीत धरले जाते. नव्हता, हे विक्रेत्याने सिद्ध करावे. पुन्हा तेच एक वर्ष!

आपल्याकडे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा तक्रारीचा मार्ग देतो, वस्तू प्रयोगशाळेत तपासायचीही सोय ठेवतो. परंतु असे गृहीतक त्यात नाही, आणि तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरायला सांगता येते. बुटासारख्या वस्तूसाठी एवढी यातायात कोण करील? दुकानदाराला हे पक्के ठाऊक असते. म्हणून किमान हमीच्या मुदतीत तरी सिद्धतेचा भार विक्रेत्यावर टाकणारी तरतूद आपल्या कायद्यात यायला हवी.

तोवर सुटलेला सोल आणि पावती मी एकाच पिशवीत जपून ठेवली आहे.