क्लब कोणाचा असतो?



नागपूरचा खेळ कोणता असं विचारलं, तर आज कोणीही क्रिकेटच म्हणेल. त्यात खोटं काही नाही. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक विदर्भाने जिंकला, जामठ्याचं स्टेडियम जगाला माहीत झालं. पण नागपूरपासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर, कन्हान नदीच्या काठी, कामठी नावाचं गाव आहे. तिथल्या पोट्ट्यांना हाच प्रश्न विचारून बघा. उत्तर फुटबॉल येईल. आज लिहायचंय ते त्याबद्दल, आणि मुख्य म्हणजे एका प्रश्नाबद्दल : फुटबॉलचा क्लब असतो तरी कोणाचा?

पुण्या-मुंबईच्या आमच्या भाचेमंडळींना नागपूरचा फुटबॉल कळला तो २०२२ साली, 'झुंड' सिनेमामुळे. नागराज मंजुळेंचा सिनेमा, त्यात अमिताभ बच्चन, मग काय विचारता! हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे सरांची ती गोष्ट. झोपडपट्टीतली मुलं पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांनी पाहिली आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं, इथली मुलं बेघरांच्या विश्वचषकात परदेशी जाऊन खेळली. २०१६ साली 'फिफा'नेही या कामाचा पुरस्कार देऊन गौरव केला. एका मास्तराने हे केलं याचा मला, एक मास्तर म्हणून, फार अभिमान आहे.

पण सिनेमा पाहिल्यावर लोकांचा एक समज होतो, की नागपुरात फुटबॉल २००१ साली जन्माला आला. तसं नाही हो!

कामठीला इंग्रजांची छावणी पडली १८२१ साली. आपल्या देशात फुटबॉल पसरला तो बराचसा पलटणींच्या मागून. ड्युरँड चषक १८८८ साली सुरू झाला तो सैनिकांसाठीच, आणि मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ साली आला तोही गोऱ्या पलटणी खेळायच्या म्हणून. मग १९११ साली मोहन बागानच्या बहुतेक अनवाणी खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवलं आणि हा खेळ आपलाही झाला. कामठीत छावणी होती आणि छावणीला लागून विणकरांची वस्तीही होती. उत्तरेकडून आलेली मोमीन कुटुंबं इथे स्थायिक झाली, हातमागावर लुगडी विणू लागली. दिवसभर मागावर बसायचं आणि संध्याकाळी मैदानावर पाय मोकळे करायचे. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा यंग मुस्लिम, राहुल क्लब ही नावं जिल्ह्याच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतात. त्यांच्यासमोर रेल्वे आणि पोलीस असे नोकरीवाले संघ. मोहल्ल्याच्या संघाने नोकरीवाल्यांना हरवलं की गावात काय आनंद होतो, ते बघितल्याशिवाय कळत नाही!

आता माझं म्हणणं सांगतो. क्लब मोठा होतो तो पैशाने, पण टिकतो तो मोहल्ल्यामुळे.

पटत नसेल तर आपल्याच महाराष्ट्रातली उदाहरणं पाहा. महिंद्र युनायटेड हा किती नामांकित संघ! २००५-०६ साली त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० साली कंपनीने ठरवलं आणि संघ बंद झाला. पुण्यातला डीएसके शिवाजियन्स २०१७ साली मोठ्या स्पर्धेतून गेला, एफसी पुणे सिटी २०१९ साली गेला. यात कोणाला दोष देण्यात अर्थ नाही. कंपनी हिशेब बघणारच, तो तिचा धर्मच आहे. पण त्याच महाराष्ट्रात कोल्हापूरला बघा. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, खंडोबा, दिलबहार... पेठापेठांचे हे संघ अजून खेळताहेत आणि शाहू स्टेडियम भरतंय. त्यांच्यात भांडणं होतात, प्रेक्षक हमरीतुमरीवर येतात, सगळं खरं. पण पेठ कधी बंद होत नाही, म्हणून तिचा संघही बंद होत नाही.

याच्या उलट गोष्ट आहे थेट वेल्समधली. इंग्लंडच्या सीमेलगत लान्सान्टफ्रेड नावाचं एक गाव आहे (उच्चार चुकला असेल तर तिकडच्या वाचकांनी सांभाळून घ्यावं!). हजारभर वस्तीचं खेडं. त्यांनी १९५९ साली फुटबॉल क्लब काढला. वर चढत चढत १९९६ साली या खेड्याने चक्क वेल्श चषक जिंकला. मग एक संगणक कंपनी प्रायोजक म्हणून आली, तिचं नाव क्लबला लागलं, आणि १९९७ साली गावाचं नाव त्यातून गळूनच पडलं. २००३ साली शेजारच्या ऑस्वेस्ट्री शहराच्या क्लबमध्ये विलीनीकरण झालं. २००५ साली हा संघ चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत लिव्हरपूलशी खेळला. केवढी मोठी गोष्ट! पुढे कंपनीच विकली गेली, म्हणून २००६ साली पुन्हा नाव बदललं, 'द न्यू सेंट्स'. २००७ साली मैदानही सीमा ओलांडून इंग्लंडात गेलं. क्लब आज वेल्समधला सर्वांत यशस्वी आहे, युरोपातल्या स्पर्धांत खेळतो. पण ज्या खेड्याने तो काढला, त्याचं ना त्यात नाव राहिलं, ना मैदान. गावकऱ्यांनी मग गावाच्या नावाचा दुसरा, छोटा क्लब सुरू केला. लिव्हरपूलशी खेळणं मोठं, की आपल्या गावच्या मैदानावर रविवारी आपली मुलं खेळताना बघणं मोठं? मला विचाराल तर मी दुसऱ्याच्या बाजूचा.

यावर कोणी म्हणेल, "सर, तुमच्या मोहल्ल्यात मुलींना कुठे खेळू देतात? गरिबाच्या मुलाला बूट कोण देतं? बाहेरचा पैसा आणि बाहेरचा माणूस आल्याशिवाय हे बदलत नाही." हे म्हणणं अगदी बरोबर आहे. बारसे सरांच्या संस्थेने मुलींना मैदानावर आणलं, ते नुसत्या मोहल्ल्याच्या भरवशावर झालं नसतं. प्रायोजक यावेत, सिनेमे निघावेत, परदेशातून देणग्या याव्यात. माझी अट एकच : बूट द्या, गणवेश द्या, प्रशिक्षक द्या, पण नाव आणि मैदान मोहल्ल्याचंच राहू द्या. बारसे सरांनी तरी दुसरं काय केलं? झोपडपट्टीतल्या मुलाला त्यांनी झोपडपट्टीचं नाव लपवायला सांगितलं नाही, उलट स्पर्धेलाच ते नाव दिलं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला मास्तर म्हणून जास्त टोचते. त्या वेल्श खेड्याची एवढी कहाणी इथे नागपुरात बसून मी तुम्हाला सालासकट सांगू शकलो, कारण तिकडे कोणीतरी ती लिहून ठेवली. कामठीतल्या क्लबांची अशी कहाणी कोणी सांगावी? ती आहे म्हाताऱ्या खेळाडूंच्या तोंडी, चहाच्या टपरीवर, कुणाच्या घरच्या ट्रंकेतल्या पिवळ्या फोटोत. हे खेळाडू माझ्याच वयाचे, काही माझ्याहून मोठे. आणखी दहा वर्षांनी विचारायला जाल तर कोणाला विचाराल? आपण शाळेत पानिपत शिकवतो, प्लासी शिकवतो, शिकवलंच पाहिजे. पण मुलाच्या घरासमोरच्या मैदानाचा इतिहास कोणत्याच पुस्तकात नसतो.

त्याला काही मोठा खर्च येत नाही. शंभर पानी वही घ्यावी. नववीच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत उपक्रम द्यावा : आपल्या मोहल्ल्यातल्या एका जुन्या खेळाडूकडे जा आणि विचारा, तुम्ही कोणत्या जागेवर खेळायचे, पहिले बूट कधी मिळाले, सामना संपल्यावर पाणी कुठे प्यायचे, मैदान तेव्हा केवढं होतं. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, हिंदीत लिहा, पण लिहा. त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर नीट जपून ठेवा. उद्या मैदानाच्या कोपऱ्यावर दुकानांचे गाळे उठू लागले, तर "हे मैदान आमचं" असं म्हणायला हाती एक कागद असेल. ज्याचा इतिहास लिहिलेला नाही, त्याची जागा घेणं सोपं जातं.

असो. लांबण फार लागली. तुमच्या गावात असा एखादा जुना क्लब असेल, फुटबॉलचा, कबड्डीचा, आट्यापाट्यांचाही चालेल, तर त्याच्याबद्दल चार ओळी जरूर लिहून काढा. आणि घरात कोणी जुना खेळाडू असेल, तर आजच त्यांच्याशेजारी जाऊन बसा.