विश्लेषण : संगणकीय विज्ञान दुरून शिकता येते, पण एकट्याने?

जनुकांचा क्रम वाचणे आता पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्त झाले आहे. त्यातून निघणाऱ्या माहितीच्या ढिगाऱ्याचा अर्थ लावणारी माणसे मात्र कमी आहेत. आफ्रिकेत ही उणीव अधिक बोचते. रक्ताचे नमुने तिथल्या रुग्णांचे आणि विश्लेषण परदेशी प्रयोगशाळेत, असे अनेकदा घडत आले. यावर तिथे निघालेला तोडगा आपणही नीट पाहावा असा आहे.

आफ्रिकेत काय केले?

केपटाउन विद्यापीठातून चालणाऱ्या ‘एचथ्रीएबायोनेट’ या जाळ्याने २०१६ मध्ये जैवमाहितीशास्त्राचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम घेतला. १० देशांतल्या २० संस्थांमध्ये ३६४ जणांनी नावे नोंदवली. व्याख्याने आधीच ध्वनिचित्रमुद्रित केलेली आणि संस्थांनी उतरवून ठेवलेली. त्यामुळे इंटरनेट रडले तरी वर्ग थांबत नसे. आठवड्यातून दोनदा सगळे आपापल्या गावच्या वर्गात जमत, ऑनलाइन जोडलेल्या शिक्षकाला शंका विचारत. आणि प्रत्येक वर्गात एक मदतनीस हजर असे. माझ्या मते खरी मेख इथे आहे.

मदतनीस कशाला हवा?

प्रोग्रॅमिंग शिकणारा व्याख्यानात अडत नाही, पडद्यावर पहिली एरर आली की अडतो. कंस राहिलेला असतो, फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये असते किंवा सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असते. शेजारी जाणकार असेल तर दोन मिनिटांचे काम. नसेल तर रात्री अकरा वाजता लॅपटॉप बंद होतो आणि बऱ्याचदा पुन्हा उघडत नाही. ‘मला हे जमणार नाही’ ही समजूत तेव्हाच पक्की होते. ती घालवणे पायथन शिकवण्यापेक्षा अवघड.

आपल्याकडे काय?

सुरुवात चांगली आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये साधारण दहा मिनिटांचे धडे असतात. पडद्यावरचे सॉफ्टवेअर इंग्रजीतच राहते, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर, असे करून पाहत शिकायचे. इंटरनेट नसले तरी चालते.

घोडे पुढे अडते. आपल्याकडे दूरस्थ प्रशिक्षण म्हणजे वेबिनार, शेवटी दहा प्रश्नांची चाचणी आणि प्रमाणपत्र, असा खाक्या पडला आहे. प्रमाणपत्रे मोजायला सोपी, अहवालात शोभतात (मूल्यांकनाच्या फाइलीतही). त्यातल्या कितीजणांनी महिन्याभराने स्वतःचा एक तरी प्रोग्रॅम चालवला, हे कोण विचारतो? शिवाय अनेक विद्यार्थ्यांकडे फक्त मोबाइल असतो. त्यावर व्याख्यान पाहता येते. शंभर ओळींतली चूक शोधायला बसलात तर डोळे आणि धीर दोन्ही संपतात.

म्हणून नव्या पोर्टलआधी पैसा मदतनिसाच्या मानधनावर खर्च व्हावा. आधीच्या तुकडीत शिकलेली एमएस्सीची मुलगीही हे काम करू शकेल. तालुक्याच्या महाविद्यालयात संगणक कक्ष बहुधा असतोच. तो आठवड्यातल्या दोन संध्याकाळी उघडा ठेवायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागू नये.