बाटलीतला वास की बर्फातली तारली?



३१ जुलैला ६१ दिवसांची बंदी संपली आणि होड्या पाण्यात उतरल्या की संस्थेच्या काउंटरवर एक विचारणा हल्ली हमखास होते. गरीच्या आमिषाला लावायचं वासाचं तेल ठेवणार का? मोबाइलवर व्हिडिओ फिरत असतात. चार थेंब लावा, मासा धावत येतो म्हणे. कोणी बडीशेपेचं तेल सांगतं, कोणी लसणाचं, कोणी माशाचं तेल, तर कोणी गोड वासाची पावडर. संस्थेने हा माल ठेवावा आणि सभासदांना खात्यावर उधार द्यावा, अशी काहींची मागणी आहे. आमचं मत असं की उधारीवर हा माल अजिबात देऊ नये. का, ते सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, वासाने मासा येतो हे खोटं नाही. माशाला नाकपुड्या असतात, पण त्या श्वासासाठी नसतात, वास घेण्यासाठीच असतात. शेंगट्याला तर मिशांवरच नव्हे, सगळ्या अंगावर चव कळते. पावसाळ्यानंतर नदीच्या मुखाशी पाणी गढूळ असतं, हातभर अंतरावरचं दिसत नाही. तेव्हा तळाला चरणारा मासा वासावरच आमिष शोधतो. कुर्ली पकडणाऱ्यांना हे सांगायची गरजच नाही.

पण माशाला वास कळतो तो पाण्यात विरघळलेल्या गोष्टींचा. तारली, सुंगटं, माकूल कापलं की जो रस सुटतो, त्यात प्रथिनांचे बारीक घटक असतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. ते पाण्यात विरघळतात आणि प्रवाहाबरोबर दूर जातात. मासा त्याच रेषेने वर येत आमिषापर्यंत पोचतो. तेल मात्र पाण्यात विरघळत नाही, आणि पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे वर तरंगतं. आमिष दहा वाव खाली आणि तेलाचा तवंग होडीच्या बाजूला, असं झालं तर त्या तेलाचा तांबोशीला काय उपयोग? आपल्या नाकाला बाटलीचा वास उग्र लागतो म्हणून माशालाही तसाच लागेल, असं धरून चालणं बरोबर नाही. बाटली आपण हुंगतो, मासा हुंगत नाही.

दुसरी गोष्ट, सगळे मासे नाकावर चालत नाहीत. इसवण डोळ्याने शिकार करते. तिला चकाकी आणि वेग लागतो. होडी चालवत मागून गरी ओढणाऱ्याने आमिषाला तेल चोपडलं तरी इसवण तेलामुळे आली असं म्हणता येणार नाही. चोणक हलणाऱ्या जिवंत आमिषावर झडप घालतं. म्हणजे वासाचा खरा उपयोग शिसं लावून तळाला सोडलेल्या गरीला, शेंगटे, गोबरे, तांबोशी यांच्यासाठी. एकच बाटली सगळ्या माशांना चालते असं जो सांगतो, तो मासेमारी सांगत नाही, बाटली विकतो.

आता पैशाचा विचार करू. पश्चिम किनाऱ्यावर फिशमीलचे कारखाने आहेत, त्यात तारली जाते आणि तिचं तेल निघतं. म्हणजे तारली आपण टोपलीच्या भावाने द्यायची आणि माशाचं तेल बाटलीच्या भावाने विकत घ्यायचं. याला धंदा म्हणतात, पण तो आपला नव्हे. छोट्या होडीवाल्याच्या घरी डिझेल-पेट्रोल, बर्फ, दोरी, गऱ्या, खलाशाचा वाटा यांतून हातात काय उरतं ते घरच्या बाईला विचारा. मासळी बाजारात विकून हिशेब तीच जुळवते. त्या हिशेबात दर फेरीला आणखी एक उधारी नको, एवढंच आमचं म्हणणं.

त्यापेक्षा वास वाढवण्याचे साधे उपाय आपल्या हातात आहेत. आमिषाची तारली पहिल्यापासून बर्फात ठेवा. उन्हात मऊ झालेलं आमिष गरीवर टिकत नाही, लहान मासे ते चोखून नेतात. आमिष गोड्या पाण्यात धुऊ नका, रस तिथेच निघून जातो. तिरपा काप द्या, म्हणजे रस सुटायला जागा मिळते. तारली जास्त असेल तर जाड मीठ लावून ठेवा. मीठ पाणी ओढून घेतं, मांस घट्ट होतं आणि गरीवर जास्त वेळ राहतं. पाण्यात बराच वेळ राहिलेल्या तुकड्याचा रस संपतो, तो बदला. इंजिनाला लावलेला डिझेलचा हात आमिषाला लावू नका. आणि तेल वापरायचंच असेल तर तारलीच्या डोकी-आतड्यांसकट कुटलेल्या लगद्यात कोंडा आणि थोडी वाळू घालून त्यात मिसळा. वाळूच्या वजनाने तो गोळा तळाला जातो, नुसतं तेल जाणार नाही.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते. अनेक बाटल्यांवर आत काय आहे ते लिहिलेलंच नसतं. तोच हात आमिषाला लागतो, तोच पकडलेल्या माशाला लागतो, त्याच हाताने डबा उघडून आपण जेवतो. जुलै २०१८ मध्ये मडगावच्या घाऊक बाजारातल्या मासळीत फॉर्मेलिन असल्याची बातमी आली, तेव्हा काय झालं ते आठवा. परराज्यातून येणारी मासळी सरकारला बंद करावी लागली, आणि गिऱ्हाईक आपल्या ताज्या बांगड्याकडेही संशयाने बघू लागलं. औषध दुसऱ्याने मारलं, भाव आपला पडला. ‘गोव्याचे मच्छीमार केमिकल लावून मासे धरतात’ असं एकदा कोणी पसरवलं की आमिष आणि मासा यांतला फरक समजावत बसायला गिऱ्हाईक थांबत नाही. म्हणून स्वयंपाकघरात जे चालतं तेच आमिषाला चालवा, नाव-गाव नसलेली बाटली होडीवर नको.

काही सभासद म्हणतील, अमक्याने तेल लावलं आणि त्या दिवशी टोपली भरली. भरली असेल. पण त्या दिवशी भरती कशी होती, पाणी कसं होतं, शेजारच्या होडीला तेल न लावता किती मिळालं? हे न बघता तेलाला श्रेय देता येत नाही. म्हणून आमची सूचना अशी. ज्यांना खात्री करायची आहे त्यांनी शंभर गऱ्यांची दोरी घ्यावी. वीस गऱ्या तेलाच्या, वीस बिनतेलाच्या, असे गट पाडावेत. एक सोडून एक गरी नको, कारण शेजारच्या गरीचा वास मिसळतो. पुढच्या फेरीला गटांची जागा उलटवावी. आमिष दोन्हीकडे तेच, तितकंच ताजं. दहा फेऱ्यांचे आकडे वहीत लिहावेत, रिकाम्या फेऱ्यांसकट.

ती वही संस्थेच्या कार्यालयात आणा, सगळ्यांसमोर वाचू. तेलाने खरंच फरक पडला तर सर्वसाधारण सभेत ठराव आणू, आणि आत काय आहे ते लिहिलेला मालच रोखीने ठेवू. तोवर संस्थेचा पैसा बर्फासाठी आणि आमिष ठेवायच्या चांगल्या पेट्यांसाठी खर्च व्हावा, असं आम्हाला वाटतं.

दर्या सगळ्यांना भरभरून देवो.

— सचिव, आपली मच्छीमार सहकारी संस्था