टीव्हीला जोडायचा संगणक, पण मुका हवा!

टीव्हीला संगणक जोडून घरच्या घरी सिनेमे बघायचे, असं टुमणं हल्ली बऱ्याच घरांत लागलेलं असतं. लग्नाची चित्रफीत, मुलांचे फोटो, जमवलेली नाटकं, गाणी सगळं एका जागी राहतं. सोय चांगलीच आहे. पण दोन खोल्यांच्या घरात दिवाणखान्यातच सासूबाईंचं अंथरूण पडतं आणि कोपऱ्यात दहावीचा अभ्यास चालतो. आवाज बारीक करून सिनेमा लावावा, तर यंत्राच्या घरघरीत संवाद ऐकू येत नाहीत. मग आवाज वाढवायचा आणि सासूबाईंची झोपमोड! म्हणून खरेदीची यादी होताना तुम्हीही शेजारी बसा.

आधी एक ठरवा. नुसतं नेटफ्लिक्स नि यूट्यूबच बघायचं असेल, तर संगणक नकोच. टीव्हीच्या मागे लावायची छोटी स्टिक पुरते. घरचा साठा बराच असेल, तरच पुढे वाचा.

आवाजाचं मूळ उष्णतेत असतं. प्रोसेसर तापला की त्याला निववायला पंखा जोरात फिरतो. तेव्हा गॅस बारीक ठेवावा तसा कमी विजेवर चालणारा प्रोसेसर घ्या. 2023 साली आलेला इंटेलचा एन100 हा 6 वॉटचा आहे, आणि 4के सिनेमाही सहज दाखवतो. तो मदरबोर्डवर बसवलेलाच येतो. काही बोर्डांवर पंखाच नसतो, ते आधी बघा. बोर्डाला एचडीएमआय 2.0 आहे ना, एवढं विचारून घ्या. 1.4 असेल तर 4के चित्र सेकंदाला 30 च्या वर जात नाही.

ग्राफिक कार्ड यादीत असेल, तर सरळ काट मारा. ते मुलांच्या खेळांसाठी लागतं, सिनेमासाठी नाही. किंमत मोठी, उष्णता मोठी आणि पंखेही त्याचे वेगळे. रॅम 8 जीबी भरपूर झाली.

वाचलेले पैसे दोन ठिकाणी घाला. पहिली एसएसडी. तिच्यात फिरणारं काही नसल्यामुळे ती मुकीच असते. 256 जीबीची छोटी घेतली तरी चालेल. सिनेमांच्या साठ्याला हार्ड डिस्क लागलीच, तर 5400 फेऱ्यांची घ्या आणि रबरी वॉशरवर बसवून घ्या, म्हणजे पत्र्याचं कॅबिनेट थरथरणार नाही.

दुसरा एसएमपीएस. कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो तो घेऊ नका. त्याचा चिमुकला पंखा किरकिरतो आणि विजेच्या चढउतारात भरवसा नसतो. काही एन100 बोर्ड लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतात, त्यात पंख्याचा प्रश्नच मिटतो.

कॅबिनेटला पंखा हवाच असेल, तर एकच मोठा, 120 मिलिमीटरचा, सावकाश फिरणारा लावा. पंख्याची गती निम्मी झाली, तर आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला दुप्पट धावावं लागतं. आणि हो, संगणक शोकेसच्या बंद कप्प्यात कोंबू नका. महिन्यातून एकदा, प्लग काढून, मऊ ब्रशने जाळीवरची धूळ झटका. धूळ साचली की उष्णता वाढते आणि शांत यंत्रही कुरकुरू लागतं.

विजेचा हिशेबही मांडा. 15 वॉट घेणारा संच रोज चार तास चालला, तर महिन्याला 1.8 युनिट होतात. घरातला जुना 80 वॉटचा संगणक वापरला, तर 9.6. जुना फुकट पडला तरी बिल येतंच!

दुकानाच्या गलबल्यात आवाज कळत नाही. म्हणून जोडणारा माणूस घरी आला, की टीव्ही मुका करून, छताचा पंखा बंद करून, अर्धा तास सिनेमा चालू ठेवायला सांगा. सासूबाईंच्या उशीच्या जागी बसून कान द्या. तिथे काही ऐकू आलं नाही, तरच उरलेले पैसे हातावर ठेवा.