वजनकाट्यापूर्वीचे रिकामे ताट

अलिबाग-पेणकडे थंडी पडली की शेतांतून पोपटी लागू लागते आणि गावोगावच्या मैदानांवर कबड्डीचे सामने रंगतात. मागील एका हिवाळ्यात एक आजी नातवाला घेऊन आल्या. तक्रार त्याच्या नडगीच्या दुखण्याची होती; पण त्यांच्या मनात सलत होते ते निराळेच. “वालाच्या शेंगांसाठी मडक्याभोवती घिरट्या घालणारा हा, यंदा पोपटीला बसलाच नाही. म्हणतो, आजी, वजन द्यायचे आहे.”

कबड्डीच्या किशोर गटाला वयाची मर्यादा 16 वर्षे आणि वजनाची 55 किलो. कुमार गटाला 20 वर्षे आणि 70 किलो. वाढत्या वयाचा मुलगा 57 किलो भरला की उपास, जाड कपडे घालून धावणे, पाणी तोडणे सुरू होते. दोन दिवसांपुरते म्हणून आरंभिलेले हे व्रत हंगामभर लांबते. सराव तेवढाच, अन्न मात्र निम्मे! मग शरीर हाडांची घडण, रोगप्रतिकार आणि पुरुषी संप्रेरके यांवरील खर्चाला कात्री लावते.

हा विकार पूर्वी केवळ मुलींचा मानला जाई. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये त्याची व्याख्या विस्तारून पुरुष खेळाडूंनाही तीत आणले. मुलीची पाळी चुकली की घर सावध होते. मुलाच्या बाबतीत तशी उघड खूण नसते. वास्तविक पुरुषांवरील पुरावा जुनाच आहे. अमेरिकेत मिनेसोटा येथे 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना स्वेच्छेने सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले गेले. त्यांचे वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटले, नाडी मंदावली, कामेच्छा ओसरली. उदासी आली आणि मनात अहोरात्र अन्नाचेच विचार घोळू लागले.

घरातील वडीलधाऱ्यांनी केवळ मुलाच्या बारीकपणाकडे पाहू नये. वजन ठीक असूनही उपासमार चालू असू शकते. वारंवार सर्दी-ताप, सर्वांना उकडत असता त्याला वाजणारी थंडी, तुटक झोप, चिडचिड, ‘मी बाहेर खाऊन आलो’ हे नित्याचे उत्तर, आणि हाडावर एकाच जागी बोट ठेवून दाखविता येणारी वेदना, या खुणा महत्त्वाच्या. पहाटेची नैसर्गिक ताठरता नाहीशी होणे हेही एक लक्षण आहे; ते डॉक्टरांनी एकांतात विचारावे. चक्कर येणे वा लघवी अत्यंत कमी, गडद होणे, यांत एक दिवसही दवडू नये.

आणखी एक सांगतो, रागावू नका. आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढविणारी औषधे असतात. वजन उतरविण्यासाठी मुले ती घेऊ शकतात. ती खेळात निषिद्ध आहेत आणि पाणी तोडलेल्या शरीराला घातकही. गोळ्या मोजून कुलपात ठेवा.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. सरावापूर्वी केळे किंवा मीठ घातलेली पेज. सराव संपताच तासाभरात तांदळाची भाकरी आणि अंडी, वाल किंवा ताजी मासळी. नुसते सुकट-चटणीवर भागवू नये. प्रशिक्षकांशी मात्र स्पष्ट बोलावे लागते: वाढणारा मुलगा गटात मावत नसेल तर गट बदलावा.

त्या मुलाच्या साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसले नाही. आरंभीची चीर त्यात बहुधा दिसतच नाही. एमआरआयमध्ये ती सापडली. हंगाम बुडाला, आणि पोर आठवडाभर माझ्याशी बोलले नाही. परवा आजी स्वतःच्या रक्तदाबासाठी आल्या होत्या. नातू आता कुमार गटात खेळतो. वजन 61 किलो.