स्वभावाला औषध नाही, ड्यूटीच्या तक्त्याला आहे

डॉक्टर्स डे होऊन आठवडा उलटला. गुलाबं वाळली, व्हॉट्सॲपवरचे हात जोडलेले स्टेथोस्कोप पुसले गेले, पण एका खासगी रुग्णालयातल्या 'तणावमुक्त डॉक्टर' कार्यशाळेत चढलेला माझा पारा काही उतरत नाही. व्याख्याते कंपन्यांमध्ये शिबिरं घेणारे प्रशिक्षक. त्यांनी डॉक्टरमंडळींना प्रश्नावलीचे कागद वाटले, खुणा करून घेतल्या आणि चहाच्या आत निकाल लावला. सर्जन आक्रमक, बालरोगतज्ज्ञ मायाळू, मनोविकारतज्ज्ञ हळवे, रेडिओलॉजिस्ट माणूसघाणे. ज्याचा त्याचा ताण त्याच्या स्वभावातून येतो, सबब उपायही ज्याने त्याने आपल्यापुरता करावा. उपाय कोणते? दीर्घ श्वास, कृतज्ञतेची वही आणि पहाटे पाचला उठणं. या शेवटच्या उपायाला मागच्या रांगेतली एक रेसिडेंट मुलगी फिस्सकन हसली. ती बहुधा पाचला आडवी झाली असावी.

स्वभावाला औषध नाही, असं आपण म्हणतो. कुठल्याही व्यवस्थापनाला ही म्हण फार सोयीची पडते. दोष एकदा स्वभावावर ढकलला की रिकाम्या जागा भरायला नकोत, रात्रपाळ्या नव्याने लावायला नकोत. प्रशिक्षकाचं मानधन दिलं की काम झालं. नेहमीचे वाचक म्हणतील, आला हा पुन्हा ड्यूटीच्या तक्त्यावर. आलो. बसडेपोवर लिहिलं तेव्हा आलो, शाळांवर लिहिलं तेव्हाही आलो. माणूस दमलेला दिसला की मी आधी त्याचा तक्ता मागतो, पत्रिका नंतर.

डॉक्टरांच्या शाखाशाखांतला फरक बघायचाच असेल तर दोन इमारती हिंडायची गरज नाही. एकाच ऑपरेशन थिएटरात उभं राहावं. टेबल तेच, रोगी तोच, घड्याळही तेच. टेबलाशी सर्जन, रोग्याच्या उशाशी भूलतज्ज्ञ.

बडोद्यात आमच्या गल्लीत लहानाचा मोठा झालेला एक भूलतज्ज्ञ आहे. छोट्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञ सहसा पगारावर नसतो, केसपुरता बोलावला जातो. हाही तसाच फिरता. सकाळी मांजलपूरला हर्निया, मग कारेलीबागेत सिझेरियन, दुपारी वाघोडिया रोडला पित्ताशय, आणि या सगळ्याच्या मध्ये कुठून तरी 'सर, इमर्जन्सी आहे, निघालात का?' गाडीच्या डिकीत लॅरिंगोस्कोप, नळ्या आणि औषधांचा डबा. जेवणाचा डबाही असतो, पण तो बऱ्याचदा भरलेलाच घरी परततो.

पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया घ्या. सर्जनची नजर पडद्यावर, दोन्ही हात कामात, थिएटरात गाणं त्याच्या पसंतीचं. रक्त आलं तर त्याला दिसतं. दिसलं की तो चिमटा लावतो, जाळतो, क्लिप मारतो. ताण येतो आणि हातांवाटे निघून जातो. उशाशी बसलेल्याचं काम नेमकं उलटं. काही घडू नये म्हणून तो तिथे असतो. भूलतज्ज्ञ स्वतःच विमानाचा दाखला देतात: जीव टांगणीला लागतो तो उड्डाणाला आणि उतरताना. मधला वेळ नुसता बसल्यासारखा दिसतो, पण कान मॉनिटरला चिकटलेले. रोग्याच्या रक्तातला ऑक्सिजन घसरू लागला की त्या टिकटिकीचा स्वर खाली उतरतो. पाठ वळलेली असली, गाणं मोठ्याने चालू असलं, तरी याला ते कळतं. पोटात वायू भरताना कधी नाडी एकदम मंदावते. तो म्हणतो, 'थांबा.' सर्जन थांबतो. नाडी सावरते. 'हं, चालू द्या.' झालं. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना या दोन वाक्यांचा पत्ता कधीच लागत नाही. या पोराची बायको सांगते, घरी मिक्सरचा आवाज बसला तरी याची मान वळते.

केस सुखरूप पार पडली की नातेवाईक सर्जनच्या पाया पडतात, 'साहेब, तमे तो भगवान छो!' तोवर देवाचा हा जोडीदार मागच्या जिन्याने पुढच्या केसला गेलेला असतो. काही बिघडलं मात्र, की त्याची आठवण सगळ्यांना एकदम होते. 'भूल जास्त झाली' हे निदान बाहेरच्या बाकड्यावर डॉक्टरांच्या आधी होतं.

मी त्याला विचारलं, रोग्याचा रक्तदाब दोनशेला टेकलेला असला तर 'आज नको' असं सांगतोस का रे? म्हणाला, "काका, सांगतो. दोनदा सांगितलं की तिसऱ्यांदा फोन दुसऱ्याला जातो." त्याची फी रोगी देत नाही. ती सर्जनच्या पॅकेजमधून येते, आणि कधी कधी यायचीच राहते. म्हणजे जबाबदारी पूर्ण, शब्दाला वजन अर्धं. केस कधी घ्यायची हे सर्जन ठरवतो, कोणत्या रुग्णालयात घ्यायची हेही तोच ठरवतो. याने फक्त वेळेवर पोचायचं.

आता या दोघांच्या जागा बदलून पाहा. आमच्या पोराला सर्जनच्या जागी उभं करा आणि त्या रुबाबदार सर्जनला डिकीत डबा घेऊन गावभर फिरवा. वर्षभराने दोघांनाही तीच प्रश्नावली द्या. कोण आक्रमक निघेल आणि कोण घुमा, यावर मी पैज लावायला तयार आहे. रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने १९७९ मध्येच मांडून ठेवलं आहे की माणूस नुसत्या कामाच्या बोज्याने खचत नाही; बोजा मोठा आणि निर्णयाचा हक्क छोटा, ही जोडी त्याला खचवते. सर्जनलाही ताण असतोच, पण त्याच्या ताणाचा लगाम त्याच्या हातात असतो.

प्रशिक्षकसाहेबांच्या बाजूनेही पुरावा आहे, तो लपवत नाही. ब्रिटनमध्ये ख्रिस मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी १६६८ डॉक्टरांचा १२ वर्षं माग काढून २००४ मध्ये निष्कर्ष दिला की ताण आणि थकवा यांचा धागा बराचसा मूळ स्वभावाशी जुळतो. जात्याच काळजीखोर असलेल्याला तेच काम जास्त जड वाटतं. मान्य. एकाच युनिटातल्या दोन रेसिडेंटपैकी एकजण शिट्टी वाजवत राऊंडला येतो आणि दुसऱ्याचे हात थरथरतात, हे कोणीही सांगेल. पण अमेरिकेत टेट शॅनाफेल्ट यांनी २०१२ मध्ये सात हजारांवर डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा जवळजवळ निम्म्यांमध्ये बर्नआउटचं एक तरी लक्षण सापडलं. सर्वांत वर कोण? इमर्जन्सी विभाग, जनरल मेडिसिन, फॅमिली डॉक्टर, न्यूरॉलॉजी. म्हणजे बहुतेक ज्यांच्या दारात रोगी पहिल्यांदा येतो आणि ज्यांना दार लावता येत नाही असे. सगळे काळजीखोर नेमके त्याच दारात गोळा झाले, असं मानायचं असेल तर माना.

१८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटली आणि १२ मुलं, २ शिक्षिका गेल्या. त्या संध्याकाळी शहरातल्या कॅज्युअल्टीत उभं राहिलेल्या डॉक्टरांना त्यांचा स्वभाव विचारायला कोणी जाणार असेल, तर खुशाल जावं. मी एकच विचारीन: दुसऱ्या दिवशी सकाळी सुट्टी मिळाली का?

सुट्टीवरून सरकारी गणित आठवलं. केंद्राच्या ५ जून १९९२ च्या पत्रकात रेसिडेंट डॉक्टरांसाठी दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मानसिक आरोग्यविषयक कृतिदलाने पाच हजारांवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना विचारलं. निम्म्याहून अधिक जणांना साप्ताहिक सुट्टी नियमित मिळत नव्हती आणि सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. हे सगळं ऐकून दलाने शिफारस काय केली? आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास. ४८ वर सुरू झालेली सुधारणा ७४ वर पोचली. आणखी ३२ वर्षांनी आकडा शंभरी गाठेल आणि आपण ढोल वाजवू. या ३१ टक्क्यांना पाचला उठायला सांगणाऱ्याचं मला खरोखर कौतुक वाटतं.

बडोद्याच्या स्तंभात महाराज आले नाहीत तर तुम्हालाच चुकल्यासारखं होईल. सयाजीरावांवर राज्यकारभाराचा भार आला तेव्हा ते अठराचे होते आणि चोविशीतच त्यांची झोप उडाली होती. निद्रानाश, शिणवटा, सगळं. डॉक्टरांनी त्यांना प्रश्नावली दिली नाही. काम सोडून थंड हवेत जा म्हणाले, आणि १८८७ मध्ये महाराज युरोपला गेले. पुढे १९०० मध्ये लॉर्ड कर्झन यांनी फर्मान काढलं की संस्थानिकांनी परदेशी जाण्याआधी सरकारची परवानगी काढावी आणि जाण्याचा प्रजेला उपयोग काय तेही दाखवावं. महाराज भडकले. आजचा रेसिडेंट रजेचा अर्ज घेऊन एचओडींच्या केबिनबाहेर उभा असतो, तेव्हा आत कर्झनच बसलेले असतात. फरक एवढाच, की रेसिडेंटला भडकायची सोय नाही.

आणि हो, छंद. छंदाने ताण जातो हे मलाही मान्य आहे. माझा नाटकाचा पक्षपात जगजाहीर आहे. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. शाखा तीन, स्वभाव तीन, औषध एकच: तालीम. (लागूंनी १९६९ मध्ये पूर्णवेळ रंगभूमी धरून दुखण्याचं मूळच काढलं.) नाटकवाले डॉक्टर जास्त टिकतात असं माझं ठाम मत आहे, पुरावा मागू नका. पण तालमीला संध्याकाळ मोकळी लागते, आणि ती तक्त्यातूनच काढावी लागते. ७४ तासांत फार तर एकपात्री बसेल.

आता आपल्याकडे वळू, कारण यात आपणही हात धुऊन मोकळे नाही. पुढच्या वेळी घरात कोणाचं ऑपरेशन ठरलं तर सही करण्याआधी दोन प्रश्न विचारा: भूल कोण देणार, आणि ते रोग्याला आधी कधी तपासणार? नाव विचारून घ्या, त्यांची फी वेगळी लिहून मागा. जमलं तर काल रात्री ते किती वाजता झोपले, हेही विचारा. काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे विचित्र नजरेने पाहील. पाहू दे. एरवी आपण खोलीत एसी आहे का आणि टीव्ही चालतो का, एवढंच विचारतो.

— रावपुरेकर