मौखिकतेचा आभास : निनावी संहिता आणि समीक्षेची जबाबदारी

१

गेल्या काही वर्षांत मराठी परिसंवादांतून एक प्रतिपादन वारंवार कानी येते. ते थोडक्यात असे : मुद्रणाने साहित्य लेखकाच्या मालकीचे केले होते, इंटरनेटने ते पुन्हा लोकांच्या स्वाधीन केले. व्हॉट्सॲपवरून अहोरात्र फिरणारे निनावी मजकूर, ज्यांना आपण सरसकट ‘फॉरवर्ड’ म्हणतो, ते ओवीचे, उखाण्याचे आणि अभंगाचे वारस होत. त्यांना कर्ता नाही, म्हणून ते सर्वांचे आहेत; आणि ते सर्वांचे आहेत, म्हणून मराठीची मूळची मौखिक परंपरा त्यांच्या रूपाने परतली आहे. या प्रतिपादनाच्या पुष्ट्यर्थ दोन साक्षीदार हमखास उभे केले जातात. पहिले वॉल्टर ऑंग. त्यांनी १९८२ सालच्या ग्रंथात ‘द्वितीय मौखिकता’ ही संकल्पना विशद केली. दुसरे रोलाँ बार्थ. त्यांनी १९६७ साली ‘लेखकाचा मृत्यू’ जाहीर केला. हे दोघे साक्ष देऊन गेले की समीक्षकाला पुढे काही करावयाचे उरत नाही.

हे प्रतिपादन खोडून काढणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते ज्या परंपरेचा गौरव करू पाहते तिचा त्याने अवमान होतो, ही एक गोष्ट. दुसरी आणि अधिक गंभीर गोष्ट अशी की, आजच्या समीक्षेने ज्या प्रश्नाला सामोरे जावयास हवे त्याला बगल देण्याची सोय ते करून देते. हा प्रश्न संहितेच्या जबाबदारीचा आहे.

२

मौखिक संहिता स्मृतीत राहते, हे तिचे पहिले लक्षण. ती पुढे जावयाची तर कोणाला तरी ती पाठ असावी लागते. आणि जिला ती पाठ असते ती बाई ती जशीच्या तशी कधीच पुढे देत नाही. जात्यावर बसलेली स्त्री ओवीत आपल्या भावाचे नाव घालते, गावाचे नाव घालते, लेकाचे कौतुक किंवा सासरचा जाच घालते. चाल परंपरेची, पहिली ओळ कदाचित आईची, दुसरी तिची स्वतःची. त्या ओवीला छापील अर्थाने कर्ता नसेल; पण ती निनावी नाही. ज्या आवारात ती म्हटली जाते तेथे प्रत्येकाला ठाऊक असते की ही कोणाची सून बोलते आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी पुण्यातून आरंभिलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्या संकलनाचे मोल केवळ संख्येत नाही. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव नोंदलेले आहे, हे त्याचे खरे मोल. ज्यांनी आयुष्यभर मौखिक परंपरेची सेवा केली त्यांना ती ‘कर्तृहीन’ आहे असे वाटले नाही, हे आमच्या सिद्धान्तकारांनी ध्यानात घ्यावयास हरकत नव्हती.

आता फॉरवर्डकडे पाहू. तो पुढे जाण्यासाठी कोणाला पाठ असावा लागत नाही. किंबहुना तो वाचलेला असण्याचीही अट नाही. अंगठ्याच्या एका दाबाने तो अक्षरशः जसाच्या तसा सरकतो, त्यातील अशुद्धलेखनासकट. मौखिक परंपरेत प्रत्येक वाहक हा अंशतः कर्ता असतो. येथे प्रत्येक वाहक निव्वळ हमाल आहे, आणि हमालाला निदान ओझे जाणवते. ऑंग यांची द्वितीय मौखिकता ही दूरध्वनी, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांच्याविषयीची होती, म्हणजे आवाजाविषयीची होती. आणि ती लेखन-मुद्रणावर आधारलेली आहे, हे त्यांनीच स्पष्ट केले होते. लिहिलेला मजकूर मुकाट्याने सरकवण्याच्या क्रियेला ती संज्ञा लावणे म्हणजे केवळ शब्दाच्या प्रतिष्ठेवर हात मारणे होय.

३

यावर एक सबळ आक्षेप संभवतो आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. संतांच्या नावावर इतरांनी रचना केल्या नाहीत काय? नामदेवांच्या नावावरील सर्व अभंग एका नामदेवाचे नाहीत. नंतरच्या काळातील विष्णुदास नामा यांचे अभंग त्यांत मिसळले, आणि ते वेगळे काढण्यात अभ्यासकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. ख्रिश्चन ली नोवेत्झके यांनी २००८ सालच्या नामदेवविषयक ग्रंथात तर असे दाखवले आहे की, कीर्तनाच्या परंपरेत कर्तृत्व ही एका व्यक्तीची मिरास नसून ती सामूहिक घटना आहे. मग ‘नामा म्हणे’ या मुद्रेखाली परक्याने अभंग रचणे आणि पु. ल. देशपांडे यांच्या नावाखाली परक्याने विनोद फिरवणे, यांत भेद तो कोणता?

भेद तीन आहेत. पहिला हा की, कीर्तनकार श्रोत्यांपुढे उभा असतो. तो कोणत्या फडाचा, कोणाचा शिष्य, हे समोरच्या मंडळीला ठाऊक असते. त्याने भलतेच काही सांगितले तर टाळकरी तेथल्या तेथे ओळ सावरून घेतात. दुसरा भेद हेतूचा. भक्त आपली रचना संताच्या चरणी वाहतो तेव्हा तो स्वतःचे नाव पुसून टाकतो. त्यात आत्मविलोपन आहे, आणि त्या विलोपनामागे एक आचारधर्म आहे. फॉरवर्डच्या तळाशी चिकटवलेले नाव हा खप वाढवण्याचा शिक्का असतो.

तिसरा भेद सर्वांत महत्त्वाचा. परंपरेने प्रक्षेप होऊ दिले, तसेच त्यांची चिकित्साही केली. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घुसडू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. लोकांच्या ओठांवर असलेला ग्रंथ लोकांच्या हातून बिघडू शकतो, याची जाण मुद्रणपूर्व महाराष्ट्रातल्या एका संताला होती. लोकांविषयी त्यांना तुच्छता होती म्हणून त्यांनी हे केले असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. लोकांना शुद्ध पाठ मिळाला पाहिजे, हीच त्यामागची कळकळ होती. आज मात्र पाठचिकित्सेचा नुसता उच्चार केला तरी तो ‘अभिजनवाद’ ठरतो.

४

कुसुमाग्रज १९९९ साली गेले, पु. ल. २००० साली आणि व. पु. काळे २००१ साली. व्हॉट्सॲपचा जन्म २००९ सालचा. तरीही या माध्यमात या तिघांइतके ‘लिहिते’ लेखक दुसरे नसतील. त्यांनी न लिहिलेल्या कविता, न केलेले विनोद आणि न सुचलेले सुविचार त्यांच्या नावावर रोज खपतात. बार्थ यांचा सिद्धान्त येथे नेमका उलटा झालेला दिसतो. त्यांच्या मते लेखकाचा मृत्यू ही वाचकाच्या जन्माची किंमत होती. येथे लेखक प्रत्यक्षात निवर्तला आहे, त्याचे नाव मात्र पूर्वीपेक्षा अधिक सत्ता गाजवते आहे. आणि वाचक जन्मलाच नाही. संहितेची वीण उलगडून पाहणारा, तिच्या अर्थांना एका कर्त्याच्या इच्छेतून सोडवणारा असा तो वाचक होता. ‘पु. लं.चे आहे, म्हणजे छानच असणार’ असे म्हणून वाचण्यापूर्वीच पुढे सरकवणारा माणूस म्हणजे तो नव्हे.

यात भाषेचेही नुकसान आहे. दहा लेखकांच्या नावांवर एकाच साच्याचे, एकाच पातळीवरच्या हळवेपणाचे गद्य फिरू लागले की शैली नावाची गोष्ट ओळखण्याची वाचकाची शक्तीच क्षीण होते. आता यंत्रे हवे तितके मराठी गद्य क्षणात तयार करून देऊ लागली आहेत. या काळात ‘हे वाक्य अमक्याचे असूच शकत नाही’ असे म्हणू शकणारा कान ही चैन राहिलेली नाही, ती नागरिकाची गरज झाली आहे. तो कान घडवणे हे समीक्षेचे काम होते.

५

आता सिद्धान्ताची दुसरी बाजू. मिशेल फूको यांनी १९६९ सालच्या व्याख्यानात एक गोष्ट निदर्शनास आणली : संहितांना लेखक मिळू लागले ते लेखकाला शिक्षा करता येऊ लागली तेव्हा. लेखकाचे नाव हे जसे प्रतिष्ठेचे, तसेच दायित्वाचे स्थान आहे. आपल्याकडे याचे प्रत्यंतर शोधावयास दूर जावे लागत नाही. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर व वृत्तपत्रावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक केले. तो परकीय सत्तेने पाळत ठेवण्यासाठी केलेला कायदा होता, याविषयी संशय नको. टिळकांना १८९७ साली आणि पुन्हा १९०८ साली ‘केसरी’तील मजकुराबद्दल तुरुंगात जावे लागले. परंतु पाळतीसाठी लादलेल्या त्याच नावाला मराठी पत्रकारितेने नैतिक अर्थ दिला : जे छापले ते माझे, त्याची शिक्षाही माझी.

साठोत्तरी लघुनियतकालिकांनी प्रस्थापित वाङ्मयव्यवहाराविरुद्ध बंड केले, पण या अर्थाविरुद्ध केले नाही. ओबडधोबड चक्रमुद्रित अंकांवरही संपादकाचे नाव असे. १९६९ साली राजा ढाले यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली, त्या होळीसाठीही एक अंक, एक संपादक आणि एक पत्ता असावा लागला. आज कोणाला फॉरवर्डची होळी करावयाची असेल तर त्याने नेमके काय जाळावे?

कारण कायद्याचे चित्र पालटले आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमानुसार मजकूर वाहून नेणारी कंपनी ही ‘मध्यस्थ’ असते. काही अटी पाळल्या की त्या मजकुराचे दायित्व तिच्यावर येत नाही. दायित्व मग कोणावर येते? जो आपल्या नावाने बोलतो त्याच्यावर. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर केलेल्या साध्या टिप्पणीवरून अटक झाली. एकीने ती लिहिली होती, दुसरीने ती पसंत केली होती. ज्या ६६अ कलमाचा त्यात वापर झाला ते सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, हे खरे. पण त्या घटनेने दाखवलेली रचना कायम आहे. लेखकाचा मृत्यू झालेलाच नाही. शिक्षा करण्यापुरता तो जिवंत ठेवलेला आहे; आणि जो निनावी आहे तो, तसेच ज्याला या वाहतुकीतून लाभ होतो तो, असे दोघेही मोकळे आहेत. या रचनेला ‘लोकांची परंपरा’ म्हणणे ही भाबडी चूक नाही, ती सत्तेची पाठराखण आहे.

६

हा वाद केवळ संज्ञांचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी १ जुलै २०१८ ही तारीख आठवावी. त्या दिवशी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवडे बाजारात आलेल्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून पसरली होती. मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले होते. डौर वाजवीत, गाणी म्हणत दारोदार भिक्षा मागणाऱ्यांचा हा समाज. म्हणजे आमचे सिद्धान्तकार जिच्या पुनरागमनाचा उत्सव करीत आहेत त्या मौखिक परंपरेचे हे प्रत्यक्ष वारस. जुन्या मौखिकतेचा वाहक गावात येई तेव्हा त्याचा चेहरा दिसे, वेश ओळखू येई, तो दरसाल त्याच वाटेने येई. नव्या तथाकथित मौखिकतेला चेहरा नव्हता. आणि तिने चेहरा असलेल्या माणसांचा बळी घेतला.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने अशा मजकुरांवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का उमटवण्यास आरंभ केला आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पाठवता येईल अशी मर्यादा घातली. तो शिक्का मजकूर कोठून तरी आलेला आहे एवढेच सांगतो. तो कोणाचा आहे, हे सांगत नाही.

७

याचा अर्थ इंटरनेटने काहीच दिले नाही असा नव्हे. ज्यांना नियतकालिकांची दारे बंद होती अशा अनेकांना त्याने लिहिते केले. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांतील ज्यांच्या लेखनाला मोल आहे ते स्वतःच्या नावाने लिहितात आणि त्याची झळही सोसतात. वर उल्लेखिलेल्या जात्यावरच्या ओव्या २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहामुळे इंटरनेटवरच ऐकावयास मिळतात, गाणारीच्या नावासह. तेव्हा दोष तंत्राच्या माथी मारून चालणार नाही. एकाच तंत्राने एकीकडे बाईच्या ओवीला तिचे नाव परत मिळू शकते आणि दुसरीकडे खुनी अफवेला निनावीपणाचे कवच मिळू शकते. या दोहोंतला भेद सांगणे हेच तर समीक्षेचे काम. आणि नेमके तेच ‘मौखिकतेचे पुनरागमन’ या घोषणेखाली टाकून दिले जाते.

मागणी साधी आहे. ज्या विद्यापीठीय अभ्यासक्रमांतून पाठचिकित्सा हा विषय जुनाट म्हणून मागे टाकला गेला तेथे तो परत यावा, आणि तो जुन्या हस्तलिखितांपुरता न राहता आजच्या फिरत्या मजकुरांनाही लावला जावा. हे कोण म्हणते, कोणाला म्हणते, ज्याच्या नावावर म्हणते त्याचा याच्याशी संबंध काय, आणि या म्हणण्याची किंमत कोण मोजते, हे चार प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही संहितेला ‘लोकांची’ म्हणण्याचा अधिकार समीक्षकाला नाही. एकनाथांपाशी छापखाना नव्हता, विद्यापीठ नव्हते, सिद्धान्तही नव्हता. तरी प्रती मिळवून, पाठ ताडून पाहण्याचे कष्ट त्यांनी घेतले. आपल्यापाशी तिन्ही आहेत. कष्ट तेवढे घ्यावयाचे राहिले आहेत.